किरणोत्सर्ग आणि मराठवाडा

अस्थिर अणुकेंद्रातून किंवा क्ष-किरण यंत्रातून कणांच्या वा लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी, अणूतला इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी जोरकस ऊर्जा म्हणजे आयनीकारक किरणोत्सर्ग. मोबाइल टॉवरच्या रेडिओ लहरींत एवढा जोर नसतो, त्यामुळे त्या या वर्गात बसत नाहीत. तरी गावोगावी अर्ज होतात ते टॉवरविरुद्ध. गरज नसताना काढलेल्या सीटी स्कॅनबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

या किरणोत्सर्गातले अल्फा कण कागदाने अडतात, बीटा कणांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो, गॅमा किरणांना मात्र जाड शिसे किंवा काँक्रीट लागते. अल्फा सोडणारा पदार्थ बाहेर असेतो त्वचा पुरेशी ढाल ठरते. तो श्वासातून किंवा अन्नपाण्यातून शरीरात गेला की तोच सर्वांत घातक. शरीराला पोचलेली मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातून माणशी वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा असतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसला आहे. या काळ्या पाषाणात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते, त्यामुळे जमिनीतून येणारी मात्राही कमी. केरळच्या मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाची वाळू असलेल्या किनाऱ्याशी तर तुलनाच नको. अपवाद नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेचा: देगलूर-बिलोलीकडे बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. रेडॉन जमिनीतून झिरपतो, उघड्यावर विरतो आणि कोंदट खोलीत साठतो. जाड भिंतींच्या, एखाददुसऱ्या झरोक्याच्या माळवदाच्या घरात हवा खेळती ठेवणे एवढ्यासाठीही महत्त्वाचे. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचे नाव येते.

माणसाने निर्माण केलेल्या स्रोतांपैकी बहुतेकांच्या वाट्याला येतात ते दवाखान्यातले. छातीच्या एका ‘फोटो’ची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत असते, पोटाच्या सीटी स्कॅनची मात्र ८-१० पर्यंत जाते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये आयनीकारक किरण नसतातच. किरणांसोबत काम करणाऱ्यांना भारतात पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रा वगळता सामान्य नागरिकांसाठी ती १. तंत्रज्ञाच्या छातीवरचा, त्याला मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज तीन महिन्यांनी तपासणीला जातो. तो खुंटीला टांगून ठेवला तर खुंटीला मिळालेली मात्रा तेवढी कळते.

बाहेरून क्ष-किरणांचा किंवा गॅमा किरणांचा मारा झालेली वस्तू किंवा व्यक्ती स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून यंत्राचे शेक (किरणोपचार) घेऊन परतलेल्या आजीचे ताट वेगळे करायचे कारण नाही. नातवाला मांडीवर खुशाल बसू द्यावे. किरणोत्सर्गी आयोडीन प्यायला दिलेल्या थायरॉइडच्या रुग्णाचे मात्र वेगळे. औषध शरीरातच असल्याने काही दिवस अंतर पाळावेच लागते. शेतकऱ्यांच्या ओळखीचा टीएयू-१ उडीद भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनाचा आधार घेऊन विकसित केला, पण त्याच्या डाळीत किरण शिल्लक असण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी काळजी भंगाराची. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळई बनते. अशा भंगारात एखाद्या जुन्या यंत्रातला बेवारस किरणोत्सर्गी स्रोत मिसळला आणि भट्टीत गेला, तर माल, राख आणि धूळ सगळेच दूषित होऊ शकते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेले विद्यापीठातले जुने उपकरण फोडले गेले. एकाचा जीव गेला आणि अनेकांना इजा झाली. कारखान्याच्या दारात मालमोटारी तपासणारे संवेदक बसवता येतात, पण वेचणाऱ्याच्या हातात ते नसतात. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेला, आकाराच्या मानाने फार जड डबा सापडला तर तो फोडू नये, तोडू नये. लांब उभे राहून पोलिसांना कळवावे.