ऐकलं, पण डोक्यात किती राहिलं?

वर्गात पॉडकास्ट वापरायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मुलांना वाचायचा कंटाळा आहे ना, मग ऐकवा!’ जणू मजकूर डोळ्यांतून आत गेला काय नि कानांतून गेला काय, एकच.

डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वुडी या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. त्यांचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने लेख वाचला, दुसऱ्याने तोच विषय २२ मिनिटांच्या पॉडकास्टमधून ऐकला. वेळ दोन्ही गटांनी जवळपास सारखाच दिला. दोन दिवसांनी चाचणी झाली. वाचणाऱ्यांना ८१ टक्के गुण, ऐकणाऱ्यांना ५९.

एवढा फरक का पडावा?

बोललेला शब्द उच्चारताक्षणी विरतो. त्याला थोपवून धरण्याचं काम कार्यकारी स्मृती करते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचं प्रारूप मांडलं. त्यातला माझा लाडका भाग पुढे ‘फोनॉलॉजिकल लूप’ या नावाने ओळखला गेला. त्याचे दोन हिस्से आहेत. एका साठ्यात आवाजाचा ठसा उमटतो आणि साधारण दोन सेकंदांत पुसट होतो. दुसरा हिस्सा म्हणजे मनातल्या मनात पुटपुटणं, त्यामुळे तो ठसा पुन्हा ताजा होतो. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो घोकत राहतो, ते हेच.

गंमत अशी, की या लूपची मर्यादा शब्दांच्या संख्येवर ठरत नाही, उच्चाराला लागणाऱ्या वेळावर ठरते. कोणाकडून तरी आधी ‘घर, पान, नळ, दोर, माठ’ ऐका आणि त्याच क्रमाने सांगा. मग ‘ग्रंथसंग्रहालय, विद्युतचुंबक, प्रकाशसंश्लेषण, लोकप्रतिनिधी, हवामानशास्त्र’ ऐकून तसंच करा. शब्द पाचच, पण दुसऱ्या खेपेला बहुतेकजण अडखळतात. दोन सेकंदांत जेवढं म्हणून होईल, साधारण तेवढंच टिकतं. वेल्श भाषेतले अंक उच्चारायला इंग्रजी अंकांपेक्षा जास्त वेळ लागतो. १९८० मधल्या एका प्रयोगात दोन्ही भाषा येणाऱ्यांना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात ठेवता आले. माणसं तीच, मेंदू तोच! आणि ऐकताना तोंडाने ‘द, द, द’ असं चालू ठेवायला लावलं, की स्मरण एकदम घसरतं, कारण पुटपुटण्याची यंत्रणाच अडकून पडते.

आता पॉडकास्टकडे या. मिनिटाला दीडशे शब्द बोलणारा निवेदक दोन सेकंदांत पाच शब्द पुढे सरकलेला असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा मागे, आधीच्या शब्दांकडे असतात, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही. ऐकणाऱ्याला मागे जायला बटण दाबावं लागतं. वर्गात स्पीकरवर ऐकताना तीही सोय नाही.

पण हे सगळ्याच मजकुराला लागू नाही. अर्थ चटकन लागला की शब्द जपून ठेवायची गरज उरत नाही. बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधल्या प्रयोगात गोष्टीच्या ओघात लिहिलेलं सत्यकथन वाचणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून शोधाची कहाणी खुशाल ऐकवावी; समीकरणाची सिद्धता फळ्यावरच बरी.

ऐकवतानाही मध्येच थांबवावं आणि आतापर्यंत काय झालं ते न बघता लिहायला सांगावं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात. आठवड्याने मात्र आठवून पाहणारे बाजी मारतात.

‘माझा मुलगा श्रवणशैलीचा आहे, तो ऐकूनच चांगलं शिकतो’ हे लेबल मात्र काढून टाकावं. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे पुरावे चाळले. शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकता येतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. रात्री हेडफोन लावून झोपेत अभ्यास करवून देणारे तर त्याहून थोर. सायमन आणि एमन्स यांनी १९५० च्या दशकातच झोपलेल्यांच्या मेंदूलहरी नोंदवत ध्वनिफिती ऐकवल्या होत्या. गाढ झोपेत ऐकवलेलं सकाळी कोणाला आठवलं नाही.

जिथे आवाज हाच अभ्यासाचा विषय असतो, तिथे कानाला पर्याय नाही. परक्या भाषेतला उच्चार, हृदयाच्या झडपेची कुरबुर, दोन सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या शिळेतला फरक यांची कितीही वर्णनं वाचा, ऐकल्याशिवाय ओळखता येत नाहीत.