मोठी बॅटरी, जोराचा वारा आणि शिकाऊ विमान

रिमोटचं विमान घ्यायला आलेल्या नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात सगळ्यात मोठी बॅटरी कोणती बसेल? जास्त वेळ उडेल, शिवाय वजनामुळे वाऱ्यात डगमगणार नाही, असा हिशोब. तो अर्धाच बरोबर आहे.

फोमचं, साधारण एक किलोचं शिकाऊ विमान धरा. त्यात बहुधा तीन सेलचा, २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा पॅक असतो. सेलमागे ३.७ व्होल्ट, म्हणजे एकूण ११.१. पॅकवर २५सी छापलेलं असेल, तर क्षमतेच्या पंचवीसपट, म्हणजे ५५ अँपिअर करंट तो देऊ शकतो. हा आकडा कंपन्या जरा सैल हातानेच छापतात. तरी अशा विमानाची मोटर पूर्ण थ्रॉटललाही, म्हणजे पूर्ण जोरावरही, याच्या निम्म्याच्या आसपास करंट ओढते, त्यामुळे ६०सीच्या पॅकला जादा पैसे मोजायची गरज नाही.

आता त्याच जागी ३३०० चा पॅक कोंबला, तर वजन ८० ग्रॅमच्या आसपास वाढतं. विमान ज्या वेगाखाली हवेत टिकत नाही, तो स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन ८ टक्के वाढलं, तर वेग जेमतेम ४ टक्के. एवढं चालून जातं. खरा घोळ तोलाचा होतो. हे ८० ग्रॅम गुरुत्वमध्याच्या १५ सेंटिमीटर पुढे बसले, तर गुरुत्वमध्य सेंटिमीटरभर पुढे सरकतो. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर हे अंतर तिच्या ५ टक्के झालं. नाक जड होतं आणि उतरताना एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी, पूर्ण ओढूनही ते वर येत नाही. पॅक मागे सरकवायला जागा असेल तरच मोठी बॅटरी घ्यावी. विमान पंखाखाली दोन बोटांवर तोलून पाहायला अर्धा मिनिट लागतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

वाऱ्याचा हिशोब वेगळाच. एकसारखा वाहणारा वारा विमानाला जाणवतच नाही. प्रवाहातल्या होडीसारखं ते हवेबरोबर सरकत असतं. वारा जाणवतो तो जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्याला. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ४० किलोमीटर आणि वारा २० चा. वाऱ्याबरोबर ३०० मीटर जायला १८ सेकंद लागतात, तेच अंतर परत यायला ५४. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं. मोटर बंद पडलीच, तर वारा विमान आपल्याकडे ढकलत आणतो.

नवखे पडतात ते मात्र वाऱ्याबरोबर वळल्यावर. विमान भन्नाट पळताना दिसतं, घाबरून थ्रॉटल कमी केला जातो, हवेतला वेग २५ च्या खाली येतो आणि एका बाजूचा पंख उचल सोडून खाली जातो. दुसरी फसगत उतरताना होते. जमिनीलगत वारा मंदावतो, त्यामुळे समोरून मिळणारा वेग शेवटच्या दोन-तीन मीटरांत अचानक कमी होतो. वाऱ्याच्या दिवशी थोडा थ्रॉटल ठेवूनच खाली यावं.

बॅटरीची वेळही वाऱ्यावर ठरते. पॅक ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा, म्हणजे १७६० एमएएच. शांत हवेत सरासरी १२ अँपिअर लागले, तर जवळजवळ नऊ मिनिटं मिळतात. झुंजावं लागून सरासरी १६ झाली, की साडेसहा. रिमोटवरचा टायमर पाचवर लावा.

शिकायला सकाळ बरी. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि वरचा वारा वरच राहतो. ऊन तापलं की हवा घुसळते आणि तो खाली येतो. कोकण किनाऱ्यावर दुपारकडे समुद्रावरचा वाराही सुटतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला पवनचक्क्या कशासाठी उभारल्यात हे उघड आहे, तिथल्या पठारावर पहिले धडे गिरवू नयेत. हवामानाच्या ॲपमधला वेग सहसा १० मीटर उंचीवरचा असतो. त्याशेजारचा झोतांचा आकडाही बघा. सरासरी ताशी १२ किलोमीटर आणि झोत ३० चे असतील, तर विमान गाडीतच राहू द्या.

अशा दिवशी भरलेले पॅक तसेच घरी येतात आणि पुढच्या रविवारपर्यंत कपाटात पडून राहतात. सेल ४.२ व्होल्टवर ठेवला की आतून खराब होत जातो, हळूहळू फुगतो. चार्जरवर स्टोरेजचा पर्याय असतो. तो लावून त्याच संध्याकाळी प्रत्येक सेल ३.८ वर आणायचा. फुगलेला पॅक परत चार्जिंगला लावायचा नाही.