सोलारिसचं बूट आर्काइव्ह आणि अचानक गेलेली वीज

सोलारिस ही सन कंपनीची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम. जानेवारी २००६ च्या सोलारिस १० ने एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रकारच्या) यंत्रांवर ग्रब हा सिस्टिम उठवणारा बूटलोडर आणला आणि त्यासोबत बूट आर्काइव्ह आलं. कर्नल (सिस्टिमचा गाभा), सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर, ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या सिस्टिम आणि पाथ_टू_इन्स्टसारख्या फायली यांचं हे गाठोडं. ग्रब ते मेमरीत उतरवतो, कर्नल त्यातूनच उठतो आणि मग खरं रूट, म्हणजे डिस्कवरची मुख्य फाइलसिस्टिम, माउंट होतं (जोडलं जातं). सोय झाली, पण एकाच फाइलच्या दोन प्रती झाल्या.

डिस्कवरची फाइल बदलली म्हणून आर्काइव्ह लगेच बदलत नाही. मशीन रीतसर बंद किंवा रीबूट करताना ते ताजं केलं जातं. सकाळी ड्रायव्हर टाकला आणि दुपारी वीज गेली, की डिस्कवर नवं, आर्काइव्हमध्ये जुनं. यूएफएस या फाइलसिस्टिमचं लॉगिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) आधीपासून चालू असल्यामुळे फाइलसिस्टिम धडधाकट उठते आणि एफएससीके या तपासणी आदेशाला काहीच खटकत नाही. म्हणून बूट होताना बूट-आर्काइव्ह ही सेवा दोन्ही प्रती ताडून पाहते. फरक दिसला की फायलींची नावं छापून मेंटेनन्स मोडमध्ये थांबते. ‘एसव्हीसीएडीएम क्लिअर’ या आदेशाने हा थांबा हटवून पुढे जाता येतं, पण ते स्वतःच्या जोखमीवर. जुनं कर्नल मॉड्यूल आणि नवं मॉड्यूल एकत्र आलं तर पॅनिक होऊ शकतो, म्हणजे कर्नल कोसळू शकतो.

खरा उपाय फेलसेफ, म्हणजे दुरुस्तीसाठीची छोटी वेगळी सिस्टिम: ग्रबच्या मेनूतून तो निवडायचा, रूट ‘/ए’ वर माउंट करायचं आणि ‘बूटएडीएम अपडेट-आर्काइव्ह -आर /ए’ चालवायचं. रूट मिरर केलेलं (दोन डिस्कवर एकसारखं ठेवलेलं) असेल तर मात्र जपून. फेलसेफला मिरर माहीत नसतो. एकाच अर्ध्या भागावर लिहिलं की दोन्ही भाग जुळेनासे होतात. एक भाग आधी फक्त-वाचनासाठी माउंट करून एमडी.कॉन्फ ही मिररची सेटिंग फाइल फेलसेफच्या कर्नल/डीआरव्हीमध्ये कॉपी करावी, भाग अनमाउंट करून ‘अपडेट_डीआरव्ही -एफ एमडी’ आणि मेटासिंक (मिररचे भाग जुळवणारा आदेश) चालवावं, मग मिररच माउंट करून आर्काइव्ह ताजं करावं.

ऑक्टोबर २००८ मध्ये सनच्या स्पार्क प्रोसेसरची यंत्रंही याच पद्धतीवर आली. सप्टेंबर २०१० च्या आवृत्तीत आर्काइव्हची आपोआप दुरुस्ती आली, पण एक्स८६ वर ‘ऑटो-रीबूट-सेफ’ हा गुणधर्म मुळात बंदच ठेवला. कारण रास्त आहे: बायोस (यंत्राचं सुरुवातीचं फर्मवेअर) आणि ग्रब दोघेही सोलारिस असलेल्याच डिस्कवरून उठतील याची खात्री नसेल, तर मशीन भलत्याच डिस्कवर जाऊन उभं राहील. सोलारिस ११ ने फेलसेफच काढून टाकला. १० वर असलेल्यांनी ईटीसीमधली सिस्टिम फाइल बदलली, की शटडाउनची वाट न पाहता आर्काइव्ह तिथेच ताजं करून घ्यावं.