बाळंतपणाच्या कळा: शाप नव्हे, शरीररचना

हव्वेने, म्हणजे पहिल्या स्त्रीने, देवाने मना केलेलं फळ खाल्लं, म्हणून बाईच्या वाट्याला कळा आल्या, असं बायबलच्या 'उत्पत्ती'तला तिसरा अध्याय सांगतो. हे कळांचं कारण नव्हे. गर्भाशय आवळतं, त्याचं तोंड सुमारे १० सेंटीमीटर उघडतं. तो ताण मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतो. कटिराची, म्हणजे कमरेच्या हाडांच्या वेढ्यातली, वाट आत शिरताना आडवी रुंद, बाहेर पडताना पुढून-मागे रुंद. त्यामुळे बाळाच्या साधारण ९.५ सेंटीमीटर रुंद डोक्याला मध्येच वळावं लागतं. वळण अडलं की प्रसूती लांबते. वेणा तर गाईलाही येतात!

१८४७ मध्ये स्कॉटिश डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत भूल देणारं क्लोरोफॉर्म वापरलं, तेव्हा याच शापावर बोट ठेवून विरोध झाला. हव्वेला घडवण्यासाठी आदामाची, म्हणजे पहिल्या पुरुषाची, फासळी काढण्याआधी देवानेच त्याला गाढ झोपवलं होतं, याची आठवण सिम्प्सन यांनी करून दिली.