राइट कॅश बंद केली की डिस्क जलद कशी होते?
सेफ स्टोरेज क्लस्टर असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

देखभालीला आलेला आमचा माणूस "डिस्कची राइट कॅश बंद करून बघू या" म्हणाला, की बहुतेक ग्राहक दचकतात. साहजिक आहे. कॅश म्हणजे वेग, हे आपण पहिल्या कॉम्प्युटरपासून ऐकत आलोय. आणि वेग वाढवायला बोलावलेला माणूस तीच बंद करतो म्हणजे काय!

(सेफ म्हणजे अनेक सर्व्हरमधल्या डिस्क जोडून डेटाचा एकच मोठा साठा करणारं सॉफ्टवेअर. हा सेफ तिजोरीतला नव्हे. सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपस आणि म्हाकुळाचं कूळ, त्यावरून हे नाव आलं.)

हार्ड डिस्कच्या आत थोडी मेमरी असते, आजच्या मोठ्या डिस्कमध्ये बहुधा 256 किंवा 512 एमबी. राइट कॅश चालू असेल तर डिस्क आलेला डेटा या मेमरीत घेते, "झालं" म्हणून कळवते आणि तबकडीवर सवडीने उतरवते. घरच्या कॉम्प्युटरला हे पुरतं. मधल्या वेळात लाइट गेली, तर मेमरीतलं तेवढं जातं.

सेफला हे चालत नाही. डेटाच्या तीन प्रती ठेवायच्या असतील, तर तिन्ही ठिकाणी पक्की नोंद झाल्याशिवाय तुमच्या सॉफ्टवेअरला होकार मिळत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कमागे चालणारा सेफचा प्रोग्राम, ज्याला ओएसडी म्हणतात, लिहून झालं की फ्लश मागतो. मग लिनक्स डिस्कला सांगतं, कॅशमध्ये आहे ते सगळं आत्ता खाली उतरव.

घोळ त्या "सगळं"मध्ये आहे. फ्लश मागितला 4 केबीच्या एका नोंदीसाठी, पण कॅशमध्ये इतर कामांचा जो डेटा साचलाय तोही आधी उतरवावा लागतो. दर गिऱ्हाइकामागे उठून अख्खा गल्ला मोजणारा दुकानदार डोळ्यांसमोर आणा. 7200 आरपीएमच्या डिस्कची तबकडी एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद घेते, शिवाय हेड या ट्रॅकवरून त्या ट्रॅकवर न्यायचं. प्रत्येक नोंदीमागे असे पाच-सहा फेरे साचत गेले की अकाउंटिंगचा स्क्रीन अडकलेला दिसतो. आणि तीन प्रतींत जी डिस्क सर्वांत सावकाश, तिच्यासाठी बाकीच्या दोघी थांबतात.

आता कॅश बंद केली तर? लिनक्स त्या डिस्कला "राइट थ्रू", म्हणजे होकार देण्याआधीच डेटा पक्का करणारी, समजतं आणि फ्लश पाठवणं सोडून देतं. सर्व्हरसाठी बनवलेल्या बऱ्याच डिस्कमध्ये वीज गेल्यावर डेटा वाचवायची सोय असते. काही मॉडेलमध्ये तर फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज मिळवून मेमरीतला डेटा छोट्या फ्लॅश चिपवर उतरवला जातो. अशी डिस्क कॅश "बंद" असतानाही ही सुरक्षित जागा वापरत राहते. त्यामुळे होकार लगेच येतो आणि तो खराही असतो. म्हणजे बटणाचं नावच फसवं आहे: बंद होते ती बेभरवशाची कॅश. सेफच्या अधिकृत माहितीतही म्हटलंय की कॅश चालू ठेवण्याची नेहमीची सेटिंग सर्वोत्तम असेलच असं नाही, आणि ती बंद केल्याने वेग खूप वाढू शकतो.

मात्र हे सरसकट करायचं नाही. फायदा दिसतो तो छोट्या, सतत होणाऱ्या नोंदींना: डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, मेल. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओच्या मोठ्या फाइलींना फरक कमी, एखाद्या मॉडेलवर उलट तोटाही. तुमच्या क्लस्टरमध्ये ब्लूस्टोअरचा (सेफचा डिस्कवर डेटा ठेवणारा भाग) डीबी आणि वॉल, म्हणजे त्याची सूची आणि आधी लिहायची नोंदवही, चांगल्या एसएसडीवर असेल, तर छोट्या नोंदींचा भार आधीच तिकडे गेलेला असतो. रेड (RAID) कार्डामागच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाला जोडलेल्या डिस्कचं गणित वेगळं, तिथे कार्डाची स्वतःची कॅश आणि बॅटरी मध्ये येते. आणि डेस्कटॉपची स्वस्त एसएसडी असेल, तर सेटिंग बदलण्यापेक्षा ती एसएसडीच बदला. वीज गेल्यावर डेटा वाचवायची सोय नसलेल्या एसएसडीवर सेफ कुठल्याही सेटिंगला रडतोच.

म्हणून आम्ही आधी मोजतो. क्लस्टरबाहेर काढलेल्या एका रिकाम्या डिस्कवर एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने 4 केबीच्या सिंक नोंदी (प्रत्येक नोंद पक्की झाल्यावरच पुढची), एकदा कॅश चालू ठेवून, एकदा बंद करून. ही चाचणी डिस्कवर लिहिते, त्यामुळे डेटा असलेल्या डिस्कवर कधीही नाही. मग चालू क्लस्टरमध्ये एका सर्व्हरपुरता बदल करून ओएसडीची कमिट लेटन्सी, म्हणजे नोंद पक्की व्हायला लागणारा वेळ, आधी आणि नंतर बघतो. त्यासाठी काहीही रीस्टार्ट करावं लागत नाही.

एक चूक महागात पडते. डिस्कची कॅश एचडीपार्म या लिनक्सच्या कमांडने बंद होते आणि बहुतेक वेळा लिनक्सची नोंदही त्याबरोबर बदलते. पण लिनक्सला "तात्पुरतं राइट थ्रू" असंही सांगता येतं. त्यात फक्त लिनक्सची समजूत बदलते, डिस्कमधली कॅश चालूच राहते. मग फ्लश कोणीच मागत नाही आणि वीज गेली की होकार मिळालेला डेटाही जातो. वेग मात्र झकास दिसतो, म्हणून हा प्रकार लवकर लक्षात येत नाही. यूपीएस आहे म्हणून चालेल असंही नाही. पॉवर सप्लाय जळतो, साफसफाई करताना केबल निघते.

काही डिस्क ही सेटिंग रीबूटनंतर विसरतात, म्हणून आम्ही युडेव्हचा (डिस्क दिसली की सेटिंग आपोआप लावणारी लिनक्सची सोय) नियम टाकून ठेवतो. वॉरंटीत बदलून आलेली डिस्क बहुधा कॅश चालू ठेवूनच येते. नियमात ती बसते की नाही हे पाहावं लागतं, तेव्हा डिस्क बदलली की आम्हाला एक फोन करा. भेटीआधी प्रत्येक सर्व्हरमधल्या डिस्कचे मॉडेल नंबर आणि फर्मवेअर आवृत्ती पाठवलीत, तर चाचणीचा अर्धा दिवस वाचतो.