छर्रा नाकासमोर जात नाही

नागपुरात मुलांना एअर रायफलच्या सरावाला सोडायला आलेले पालक हमखास म्हणतात, "दहा मीटरच तर आहे, छर्रा सरळच जातो!" नाही जात. नळीतून सुटताक्षणी तो खाली पडू लागतो. वेग सेकंदाला 170 मीटर धरला, तर 10 मीटरला साधारण 0.06 सेकंद लागतात. तेवढ्यात तो जवळपास पावणेदोन सेंटिमीटर उतरतो. आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! मग नेम लागतो कसा? साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नळीच्या वर असते आणि ती अशी जुळवतात, की नजर लक्ष्यावर राहते, नळी मात्र किंचित वर तोंड करते. 'छर्रा आधी उसळतो' हे दुसरं पिल्लूही इथलंच. उसळतो कुठला? नळीच्या रेषेखालीच राहतो तो.