जुन्या मोटारींच्या स्टिअरिंगमधील धातूचा शिणवटा व त्याचा प्रतिबंध

धातूला एरवी सहज पेलवणारा ताणही लाखो वेळा उलटसुलट पडत राहिला, की त्यात केसासारखा तडा उमटतो, तो आतल्या आत वाढत जातो आणि शेवटी भाग एकाएकी मोडतो; यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि अभियंत्यांचे लक्ष या दोषाकडे वळले. पुढे जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्याचे नियम शोधले.

विंटेज मोटारींत, म्हणजे रूढ ब्रिटिश व्याख्येप्रमाणे १९१९ ते १९३० मधील गाड्यांत, स्टब ॲक्सल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो आखूड आस), ड्रॉप आर्म (स्टिअरिंगच्या पेटीतून निघणारा दांडा), स्टिअरिंग आर्म (चाक वळवणारा दांडा) आणि बॉल पिन (सांध्यातील गोल डोक्याची खीळ) हे भाग विशेष जपावे लागतात, कारण त्यांपैकी एक जरी तुटला तरी चाक वळवणे चालकाच्या हाती राहत नाही. मागाहून बसवलेले पुढचे ब्रेक किंवा रुंद टायर यांमुळे मूळ रचनेत न धरलेला भार त्यांच्यावर येतो. तडा बहुधा आकार एकदम बदलतो तेथे, म्हणजे स्टब ॲक्सलच्या मुळाशी, आट्यांच्या शेवटच्या फेऱ्यात, चावीच्या (दोन भाग एकत्र फिरावेत म्हणून बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या) खाचेच्या कोपऱ्यात किंवा गंजाच्या खळगीत सुरू होतो. तुटलेल्या तोंडावर त्याची वाटचाल वाचता येते: एका बाजूला शिंपल्यावरच्यासारख्या गुळगुळीत वळ्या आणि उरलेल्या भागात, जेथे धातू अखेर एका झटक्यात तुटला, खरखरीत दाणे.

म्हणून गाडी खोलली की हे भाग तपासल्याशिवाय परत चढवू नयेत. रंग आणि ग्रीस पूर्ण काढून लाल भेदक रंग लावतात, तो मुरू देऊन पृष्ठभाग पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तडा असल्यास थोड्याच वेळात त्या पांढऱ्यावर बारीक लाल रेघ पाझरून येते. पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची तपासणी (भाग चुंबकित करून त्यावर लोखंडी भुकटी टाकतात, ती तड्यावर गोळा होते) अधिक भरवशाची, कारण पृष्ठभागाच्या किंचित खालचा तडाही तीत दिसू शकतो. वाळूचा किंवा खड्यांचा जोरदार मारा मात्र तपासणीआधी करू नये. त्याने तड्याचे तोंड लिंपले जाऊन दोष लपतो.

तडा सापडलेला भाग वेल्डिंग करून वापरणे धोक्याचे आहे, आणि वाकलेला आर्म तापवून ठोकून सरळ करणेही तितकेच, कारण त्याने पोलादाची मूळ उष्णता-प्रक्रिया बिघडते. हौसेने केला जाणारा क्रोमचा मुलामाही येथे टाळावा. आम्लात बुडवताना व मुलामा चढवताना उच्च बळाच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. त्यावर मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजण्याचा उपाय करतात, तरी क्रोमच्या थराने शिणवटा सोसण्याची शक्ती घटते ती घटतेच. नवा भाग घडवून घेताना मिश्र पोलादाचा, कोपऱ्यांत पुरेशी गोलाई ठेवून आणि यंत्राचे ओरखडे पॉलिशने घालवून घ्यावा. बसवताना कास्टल नटला (खाचा असलेल्या नटला) दरवेळी नवी स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी दुपाखी पिन) घालावी.